राउटर बंद करण्याआधी

(पत्र एका आईचं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहोत.)

मुलगा १४ वर्षांचा, नववीत, नेहमीच्या शाळेत. पाचव्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. बोलतो, पण मोजकं. शाळा सकाळची. दुपारी दीडला घरी आला की दप्तर टाकतो आणि टॅबवर माइनक्राफ्ट (ठोकळे रचून जग बांधायचा गेम) उघडतो, ते संध्याकाळी क्लासला निघेपर्यंत. जेवणानंतर पुन्हा. ‘रूळ टाकत बसतो, दुसरं काही नाही,’ असं आई लिहिते. गेममध्ये दोन मुलांशी तो टाइप करून बोलतो. ती कोण, कुठली, घरात कुणाला ठाऊक नाही. गेल्या महिन्यात आईने रागाच्या भरात राउटर बंद केला. मुलाने भिंतीवर डोकं आपटून घेतलं, शांत व्हायला रात्र झाली. आईला आठवलं, की सहावीत असताना स्कूलबसने एकदा रस्ता बदलला तेव्हाही असंच झालं होतं. वडील म्हणतात, ‘त्याला तेवढंच सुख आहे, खेळू दे, पुढे यातच करिअर करेल.’ सासूबाई म्हणतात, ‘मोबाईलनेच तो असा झाला.’ गणपतीत सगळे कोकणात गावी जाणार आहेत, तिथे नेटवर्क नाही. ‘पाच दिवसांत आपोआप सवय सुटेल’ असा आईचा बेत आहे. ती विचारते : हे व्यसन आहे का? टॅब काढून घेऊ का? आणि शेवटची ओळ : ‘हा माणसांत कधी येणार?’

ताई,

तुमचं पत्र मी आधी शेवटाकडून वाचलं असं म्हटलं तरी चालेल. टॅब, राउटर, तास हे सगळे प्रश्न त्या शेवटच्या ओळीच्या पोटातून आलेत. तिच्याकडे येतेच. पण त्याआधी सासूबाईंचं वाक्य बाजूला करू या, कारण तुम्ही ते फार मनाला लावून घेतलेलं दिसतंय.

ऑटिझम मोबाईलने होत नाही. ती मेंदूची वेगळी जडणघडण आहे, तिची सुरुवात जन्माआधीच होते आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. व्हॉट्सअॅपवर ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ (म्हणजे स्क्रीनमुळे होणारा ऑटिझम) नावाचं जे काही फिरतं, ते निदान म्हणून ना डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आहे, ना आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत. लहान मुलांना स्क्रीन कमी द्यावा, हा सल्ला खराच आहे. याच संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त वेळ स्क्रीनसमोर बसवू नये. पण ते झोपेसाठी, हालचालीसाठी, त्या वयात घडायच्या बोलण्या-खेळण्यासाठी. तुमच्या थेरपिस्टनी मुलगा लहान असताना ‘स्क्रीन बंद’ म्हटलं असेल तर ते त्या वयाला धरून होतं. नववीतल्या मुलाला तोच नियम लावणं म्हणजे त्याला बालवाडीचा गणवेश चढवण्यासारखं आहे. सासूबाईंना हे समजावत बसायची गरज नाही. तुम्ही मात्र स्वतःला दोष देणं थांबवा.

आता व्यसन. आयसीडी-११ मध्ये ‘गेमिंग डिसऑर्डर’ हे निदान आहे, आणि ही आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी बघतात. खेळण्यावर ताबा राहत नाही. इतर आवडी आणि रोजचे व्यवहार मागे पडून खेळच पुढे येतो. आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो किंवा वाढत जातो. हे साधारण १२ महिने चाललेलं असावं आणि त्यापायी घर, शाळा, तब्येत यांची ठळक हानी झालेली असावी. किती तास खेळतो, हा त्यात निकषच नाही. तास मोजायला सोपे म्हणून आपण तास मोजतो.

तरीही तासांबद्दल विचारलंत म्हणून सांगते. अमेरिकेत मायका मझुरेक आणि ख्रिस्तोफर एंगलहार्ट यांनी २०१३ मध्ये ८ ते १८ वयाच्या मुलग्यांचा अभ्यास केला. ऑटिझम असलेले मुलगे दिवसाला सरासरी २.१ तास गेम खेळत होते, तर इतर मुलगे १.२ तास. म्हणजे या मुलांचा ओढा जास्त असतो हे खरं. तुमच्या मुलाचे तास त्याहूनही जास्त आहेत, आणि ते तसेच राहू द्या असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या पत्रात तो शाळेत जातो, क्लासला जातो, जेवतो, आजीला रोज औषधाची वेळ सांगतो. हे वाचून मला तरी व्यसनी मुलगा दिसला नाही.

मग भिंतीवर डोकं का आपटलं? तुम्हीच उत्तर लिहून ठेवलंय : स्कूलबसचा रस्ता. बसच्या रस्त्याचं कुणाला व्यसन लागत नाही. दोन्ही वेळा डोक्यात ठरलेली गोष्ट अधेमध्ये, न सांगता तुटली. ऑटिझम असलेल्या अनेकांचं लक्ष एका गोष्टीत पूर्ण उतरतं, आणि तिथून बाहेर यायला त्यांना वेळ लागतो. राउटर बंद केलात तेव्हा तो त्या दोघांबरोबरच्या सामाईक जगात (नेटवरून एकत्र खेळायच्या) होता. क्षणात बाहेर फेकला गेला, काम अर्धं, निरोपही नाही. तो तमाशा नव्हता, मेल्टडाऊन होता. तो तुमच्याकडून काही उकळायला बघत नव्हता. त्याचा ताबा सुटला होता.

अशा वेळी काय करायचं, ते आधी. बोलू नका, समजावू नका, हात धरून ओढू नका. दिवा मंद करा, इतरांना खोलीबाहेर काढा, भिंत आणि डोकं यांच्यामध्ये उशी सरकवा. ‘असं करतात का’ हे वाक्य त्या रात्री नकोच, दुसऱ्या दिवशीसुद्धा नको. आणि डोकं आपटणं पुन्हा होऊ लागलं, किंवा तो इतरांना मारू लागला, तर वाट न पाहता विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. गावात कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीतून बोलता येतं.

राउटर मात्र शिक्षा म्हणून पुन्हा बंद करू नका. एक जोडसूचना, तुमच्यासाठी नाही पण हे वाचणाऱ्या कुणासाठी तरी नक्की : ज्यांची मुलं बोलत नाहीत आणि टॅबवरच्या चित्रांतून संवाद करतात (मुंबईच्या आयआयटीतून आलेलं ‘जेलो’ अनेकांना माहीत असेल, ते मराठीतही आहे), त्यांनी तो टॅब कधीही काढून घेऊ नये. गेमसाठी वेगळं उपकरण ठेवा. मुलाचा आवाज शिक्षा म्हणून काढून घेता येत नाही.

आता तुमचा मुलगा दीड वाजता घरी येतो तेव्हा कुठून येतो, ते बघू. साठ मुलांचा वर्ग, बाकांचा आवाज, मधल्या सुट्टीतला आरडाओरडा, तासागणिक नवे सर, कुणाचं हसू चेष्टेचं आणि कुणाचं खरं याचा सतत अंदाज. शिवाय स्वतःचं हात हलवणं, गुणगुणणं दाबून ठेवायचं. सहा तास हे सगळं निभावून तो घरी येतो आणि अशा ठिकाणी शिरतो जिथे नियम रोज तेच असतात, आवाज कमी-जास्त करणं आपल्या हातात असतं, चुकलं तर ठोकळा काढून परत लावता येतो, आणि समोरच्याचा चेहरा वाचावा लागत नाही. मझुरेक यांनीच पुढे ऑटिझम असलेल्या प्रौढांना ‘का खेळता’ असं विचारलं, तेव्हा ताण उतरणं हे एक कारण पुढे आलं. त्या प्रौढांनी वेळ वाया जातो, हेही सांगितलं. मोठी झालेली ही मुलं आपल्यापेक्षा प्रामाणिक आहेत.

म्हणून दुपारचा पहिला तास-दीड तास मी तुमच्या जागी असते तर हिशोबातच धरला नसता. तो त्याचा आराम आहे. कात्री लावायची तर रात्रीच्या खेळाला लावा, आणि तिथे मी तुमच्याहूनही कडक आहे. ऑटिझम असलेल्या मुलांना झोपेचा त्रास मुळातच जास्त असतो. ज्यांच्या झोपायच्या खोलीत गेम असतो ते मुलगे कमी झोपतात, असं त्याच संशोधकांच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं होतं. टॅब रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लागेल. तुमचा आणि वडिलांचा फोनही तिथेच, नाहीतर नियमाला काही अर्थ नाही. हा मुलगा विसंगती तुमच्या आधी पकडेल.

थांबवायचं कसं, हा खरा कस आहे. ‘आणखी १० मिनिटं’ हे तुमच्या घड्याळातलं माप आहे. त्याच्या जगात वेगळं घड्याळ चालतं. माइनक्राफ्टमधला एक पूर्ण दिवस आपल्या २० मिनिटांचा असतो. रात्र पडली की पात्राला पलंगावर झोपवता येतं, सकाळ होते, आणि पुढच्या वेळी मेलंच तर पात्र त्या पलंगापाशी परत येतं. तेव्हा ‘आज दोन दिवस, मग झोपायचं आणि बाहेर’ हे त्याला कळेल, कारण ती थांबायची जागा खेळातलीच आहे. सामाईक जगात एकट्याच्या झोपण्याने रात्र सरत नाही, पण झोपायची वेळ झाली एवढं तिथेही कळतं. ज्यांची मुलं बीजीएमआयसारखे सामन्यांचे गेम खेळतात, त्यांनी मिनिटांऐवजी सामने ठरवावेत. तिथे मध्येच उठणं म्हणजे बरोबरच्या तिघांना तोंडघशी पाडणं असतं, आणि मुलाच्या दृष्टीने ती बेइमानी असते.

हे ठरवायला रविवारची सकाळ निवडा, पोट भरलेलं असताना, टॅब बंद असताना. त्याला विचारा, कुठे थांबणं सोपं जातं. ठरेल ते कागदावर लिहा, भिंतीवर लावा. थांबायच्या आधी एकदा शेजारी जाऊन, तो मान हलवेपर्यंत उभं राहून सांगा. स्वयंपाकघरातून मारलेली हाक धरली जात नाही. आणि टॅब खाली ठेवल्यावर समोर काय येतं, तेही बघा. दर वेळी गणिताची वही येत असेल तर कोण उठेल? मध्ये पंधरा मिनिटं काहीतरी खायला, कुणी काही न विचारता. सुरुवातीचे काही दिवस ठरलेलं मोडेल. त्यामुळे ‘बघा, काही उपयोग नाही’ असं घरात कुणी म्हणेलच. म्हणू द्या.

जवळ पाण्याची बाटली ठेवा. गुंतलेल्या मुलाला तहान आणि लघवी कळत नाही, आणि ऑटिझममध्ये शरीराच्या या हाका मुळातच अस्पष्ट असू शकतात. तुम्ही त्याच्या पोटदुखीचा उल्लेख केलात, तर हेही तपासा. आकडी येण्याचं प्रमाण या मुलांमध्ये जास्त असतं. कधीकाळी आकडी आली असेल तर लखलखणाऱ्या दिव्यांच्या गेमबद्दल न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

आता त्या दोन मुलांचं. ‘माणसांत कधी येणार’ असं तुम्ही लिहिता, आणि त्याच पत्रात तो रोज दोघांशी बोलतो हेही लिहिता. ती माणसं नाहीत का? टाइप करताना त्याला विचार करायला वेळ मिळतो, डोळ्यांत बघावं लागत नाही, दोघांना रुळांत तेवढाच रस असतो. ब्रिटनमधले संशोधक डेमियन मिल्टन स्वतः ऑटिझम असलेले आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं, की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधली समजुतीची अडचण दोन्ही बाजूंची असते. एकाच बाजूत उणीव आहे असं समजणं चूक. कॅनडात २०१३ मध्ये स्टुअर्ट डंकन या पालकाने ऑटिझम असलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी माइनक्राफ्टचा एक वेगळा सर्व्हर सुरू केला, ‘ऑटक्राफ्ट’ नावाचा, कारण एरवीच्या सर्व्हरवर ही मुलं छळली जात होती. तिथे मैत्र्या झाल्या.

पण ते दोघे कोण, हे तुम्हाला माहीत असायलाच हवं. यात मवाळपणा नको. आपली मुलं शब्दशः विश्वास ठेवतात. ‘मी १३ वर्षांचा आहे’ असं कुणी लिहिलं की तो १३ वर्षांचा. ‘सावध राहा’ म्हणून भागत नाही, नियम उघड लिहावे लागतात : शाळेचं नाव, पत्ता, फोटो द्यायचा नाही, व्हिडिओ कॉल नाही, कुणी ‘आईला सांगू नको’ म्हणालं तर त्याच दिवशी आईला सांगायचं, आणि सांगितल्याबद्दल टॅब जाणार नाही. हे शेवटचं वचन तुम्ही पाळलं नाहीत तर बाकीचे नियम कागदावरच राहतील. पैशाचं सोपं आहे : ॲप स्टोअरला पासवर्ड, यूपीआयचा पिन मुलाला माहीत नाही, महिन्याला ठरलेली छोटी रक्कम त्याच्या हिशोबाने. (पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम हा वेगळाच विषय आहे. त्यांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. माइनक्राफ्ट त्यात येत नाही.)

ते दोघे कोण हे कळायचा सरळ रस्ता म्हणजे त्याच्या शेजारी जाऊन बसणं. चौकशी नको. ‘हा रूळ कुठून कुठे जातो?’ एवढंच विचारा. मला तर दाट शंका आहे की ती कुठलीतरी खरी लाइन असावी. उत्तर लांबलचक येईल, स्टेशनांच्या नावांसकट. ऐका. लगेच ‘मग भूगोलात मार्क का नाहीत’ असं म्हणू नका. आणि त्यातून संवादकौशल्य, हस्तनेत्रसमन्वय वगैरे काढायला बसू नका. या मुलांचं निम्मं बालपण ऑक्युपेशनल आणि स्पीच थेरपीत गेलेलं असतं. एक गोष्ट तरी थेरपी नसू द्या.

हेच वडिलांनाही सांगायचंय. ‘यातच करिअर करेल’ हे ऐकायला प्रेमळ आहे, पण तोही अटीचाच परवाना झाला. गेम खेळणं आणि गेम बनवणं यांत सिनेमा पाहणं आणि काढणं यांइतकं अंतर आहे. त्याला पुढे कोडिंग आवडलं तर आनंदच आहे, नाही आवडलं तरी रूळ टाकण्यातला आनंद वाया गेला असं होत नाही. वडिलांनी करिअरचं स्वप्न बाजूला ठेवून, दहावीच्या सवलतींचे कागद नववीतच शाळेमार्फत पुढे सरकवावेत. ऑटिझम असलेल्या विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती आहेत. त्यांसाठीचं अपंगत्व प्रमाणपत्र काढायला अनेक खेटे घालावे लागतात. खेळाचे तास कमी करून जेवढे गुण वाढतील, त्याहून जास्त या कागदांनी वाढतील असं मला वाटतं.

माणसांत येण्याबद्दल एवढंच, की तुमच्या भागातल्या पालकगटात रुळांचं किंवा माइनक्राफ्टचं वेड असलेला आणखी एखादा मुलगा असेलच, मुलगीही असेल. शनिवारी त्याला घरी बोलवा. दोघं दोन टॅब घेऊन एकाच सतरंजीवर बसतील, एकाच जगात शिरतील, तासभर तोंडातून शब्द काढणार नाहीत. ‘बोला ना रे’ असं कुणी म्हणू नये. यालाही भेट झाली असं धरा.

कशाने सावध व्हायचं, तेही सांगते. खेळ अचानक वाढला, शाळा टाळू लागला, आवडता खेळसुद्धा हसू न आणता नुसता चालू राहिला, झोप-आंघोळ-जेवण ढासळलं, तर खेळाकडे नंतर बघा, आधी शाळेत काय चाललंय ते बघा. छळ, आणि या वयात नैराश्य, दोन्ही अशा वेशात येतात. तरीही खेळ आटोक्यात येत नसेल तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत ‘शट’ नावाचं क्लिनिक २०१४ पासून याच विषयावर काम करतं. दाखवायला न्यायचं तर ऑटिझमचे सगळे कागद बरोबर न्या.

राहिला गणपतीचा बेत. तो सोडून द्या, कृपा करून. वीस माणसांचं घर, झांजा-ढोलकी, उदबत्त्यांचा वास, रात्रीची भजनं, अनोळखी पांघरूण, आणि त्यातच टॅबही नाही. सवय सुटणार नाही. तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी पुन्हा भिंत असेल आणि बघायला सगळी भावकी. त्याला आताच सांगा, की तिथे नेट नाही म्हणून सामाईक जग उघडणार नाही. त्या दोघांना ‘पाच दिवस नाही’ असा निरोप त्यानेच लिहावा. टॅबवर प्रवासासाठी एक वेगळं जग बनवू दे, ते नेटशिवाय चालतं. कान झाकणारे हेडफोन घ्या, माडीवरची एक खोली किंवा मागची पडवी त्याच्यासाठी मागून घ्या, आणि रोजच्या एकाच आरतीला यायचं असं ठरवा, कुठल्या ते तो निवडेल. निघायच्या आदल्या दिवशी टॅब एरोप्लेन मोडवर टाकून ते जग खरंच उघडतंय का, हे त्यालाच तपासायला सांगा.